ताशी पंचवीसनं रामेश्वर

"गुरु, तनि लिमिट खोल दा."

माझ्या दुकानाच्या पायरीला सायकल टेकवून जो कुणी हे वाक्य बोलतो, म्हणजे वेगाची मर्यादा काढून मागतो, त्याला मी आधी बसायला सांगतो. काशीत घाईत असलेल्या माणसाला बसवलं की त्याची निम्मी घाई तिथंच संपते. उरलेल्या निम्मीसाठी मी चहा मागवतो. चहा संपेपर्यंत माझं त्याला नाही म्हणून झालेलं असतं, आणि तो शेजारच्या दुकानात जाऊन तेच काम करून घेतो. माझा धंदा असा चालतो.

मी विजेवर चालणाऱ्या सायकली दुरुस्त करतो. त्याआधी तीसेक वर्षं इथल्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात विजेचं काम केलं. ती इंजिनं ताशी शंभराच्या वर धावायची, आणि त्यांचा वेग वाढवून द्या असं मला कुणी एकदाही म्हटलं नाही. सायकल विकत घेतलेला माणूस मात्र दुसऱ्या दिवशी येतो.

आमचं घर संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत. पूर्वज वेद शिकवायला म्हणून आले आणि परत जायचं विसरले. वडील व्याकरण शिकवत. मी पाना हातात घेतला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जे आवळशील ते नीट आवळ." घरात आम्ही मराठी बोलतो, म्हणजे 'सब्जीत नमक कमी आहे' अशी. गल्लीत सायकल उभी करायलाही जागा नाही, म्हणून दुकान मैदागिनच्या रस्त्यावर. मोहल्ल्यातले लोक घराण्याचा मान म्हणून मला पंडितजी म्हणतात आणि काळे हात बघून नमस्कार लांबूनच करतात.

हल्ली येतात त्या बहुतेक डोंगरी सायकली. जाड टायर, पुढे दणके गिळणारा फोर्क, आणि नावात कुठल्या तरी शिखराचा उल्लेख. काशीला डोंगर नाही. राजघाटच्या पुलाचा चढ हीच आमची पर्वतराजी. पण जाहिरातीतल्या डोंगरावर जेवढे खड्डे दाखवतात तेवढे आमच्या रस्त्यांवर सहज सापडतात, त्यामुळे खरेदी अगदीच वाया जात नाही.

ज्यांनी ही सायकल चालवली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ती आपोआप चालत नाही. आपण पॅडल मारायचं, मग मोटर हातभार लावते. ताशी पंचवीस किलोमीटरला पोहोचलो की मोटर हात काढून घेते, जसा सायकल शिकवणारा बाप मागून सीट सोडतो. पुढे जायचं तर आपल्या पायांच्या जिवावर. याला कारण कायदा. मोटर लहान आणि वेग पंचवीसपर्यंत असेल तर ती सायकल. नंबर नको, लायसन नको. त्याच्या वर गेली की ती गाडी, आणि तिला सगळं हवं.

ही मर्यादा काढायला फार अक्कल लागत नाही, म्हणूनच ते काम इतक्या लोकांना जमतं. काही सायकलींत एक वायर सोडवली की झालं. काहींना खोटं सांगावं लागतं. सायकलीला आपला वेग स्वतःहून कळत नसतो. मागच्या चाकाच्या एका स्पोकवर लोहचुंबकाचा खडा बसवलेला असतो आणि त्याच्यासमोर एक सेन्सर. खडा समोरून गेला की एक फेरी. एका फेरीत किती अंतर जातं, हे आपण तिला चाकाचा जो आकार सांगितला असेल त्यावरून ती ठरवते. तेव्हा तिला सांगायचं, तुझं चाक निम्म्याच आकाराचं आहे. ती विश्वास ठेवते. खरोखर चाळीसनं पळत असताना तिला वाटतं आपण विसानं चाललोय, आणि मोटर बिचारी राबत राहते.

मी हे करत नाही. त्या सायकलीचे ब्रेक पंचवीसच्या हिशेबाने दिलेले असतात, आणि आमच्या रस्त्यांवर मध्येच सांड बसलेला असतो. त्याला पंचवीस आणि चाळीस यांतला फरक कळत नाही. आपल्याला कळतो, पण नंतर.

हा नियम मी दोनदा मोडला.

पहिल्यांदा यादवजींसाठी. ते रामनगरहून दूध आणतात. मुलाने त्यांना डोंगरी सायकल घेऊन दिली आणि त्यांनी तिच्या दोन्ही बाजूंना दुधाचे डबे टांगले. पंचवीसची मर्यादा त्यांना अपमानास्पद वाटत होती.

"पच्चीस में त हमार भैंस दौड़ेले, गुरु."

रोज येऊन हेच. शेवटी मी कंटाळून वायर सोडवली. पाचव्या दिवशी ते आले तेव्हा त्यांच्या मिशा उतरल्या होत्या. पुलावरचे खड्डे तेच, वेग मात्र दीडपट. डब्यांत दूध असं घुसळून निघत होतं की मिठाईवाल्याच्या दारात झाकण उघडलं तर वर लोण्याचे कण. मिठाईवाला म्हणाला होता, दूध मँगाए थे, मट्ठा काहे दे रहे हैं.

"जइसन रहल, वइसने कर दा," यादवजी म्हणाले. मी वायर जोडली. जाताना ते भैंस या विषयावर काही बोलले नाहीत.

समारंभांचा अनुभवही एकदा घेतला. पर्यटकांसाठी विजेच्या सायकली सुरू करायच्या होत्या. वीस सायकली रांगेत, बँड, हिरवा झेंडा, आणि काही अडलं तर असावा म्हणून कोपऱ्यात मी. आयोजकांनी प्रत्येक हँडलला झेंडूचा जाडजूड हार घातला होता. आता या सायकलींत ब्रेकचा दांडा जरासा दबला तरी मोटर बंद पडते. सुरक्षेसाठी तशी सोय असते. ओल्या झेंडूचा हार दांड्यावर लोंबत होता. वीसच्या वीस मोटरी बंद. मी एका अधिकाऱ्याच्या कानात सांगितलं, हार काढा.

"हार कैसे उतारें, पंडितजी? फोटो तो हार का ही है."

प्रमुख पाहुणे बंद गळ्याच्या कोटात शे-दोनशे पावलं निव्वळ पायाच्या बळावर गेले, आणि मग घाम पुसत विजेच्या सायकलीमुळे श्रम कसे वाचतात यावर बोलले. टाळ्या झाल्या. यंत्र चाललं नाही हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. समारंभात तशी गरजही नसते.

पण मला सांगायचंय ते आठल्यांबद्दल. नियम दुसऱ्यांदा मोडला तो त्यांच्यासाठी.

आठल्ये बँकेतून निवृत्त झालेले. नोकरीत बदली होऊन काशीला आले आणि सिगरा भागातल्या एका कॉलनीत कायमचे राहिले. वय बहात्तर. बंगळूरच्या मुलाने, वडिलांची तब्येत नीट राहावी म्हणून, डोंगरी सायकल पाठवली होती. डिसेंबरात ते मफलर गुंडाळून दुकानात आले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "हिची वेगमर्यादा काढता येते, असं ऐकलं."

माझ्या दुकानात मराठी क्वचितच ऐकू येते. आईच्या भाषेत मागितलेली चुकीची गोष्ट नाकारणं फार अवघड असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"साहेब, काढता येते. पण मी काढत नाही," मी म्हटलं. "या वयात घाई कसली?"

"वेळ कमी आहे," ते म्हणाले.

माझं लक्ष सायकलीच्या दांडीकडे गेलं. पाण्याची बाटली ठेवायच्या जागी तांब्याचा एक लहान गडू बसवला होता, तोंड लाखेने बंद केलेला. गंगेचा गडू. असे गडू आमच्या घाटावर ढिगाने मिळतात. यात्रेकरू घरी नेतात. सायकलीला लावलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. वाटलं, भाविक आहेत. विचारलं नाही. 'काय हवंय' एवढंच विचारायची कारखान्यातली सवय. 'कशासाठी' हे तिथं वरचे लोक बघायचे.

त्यांच्या सायकलीत सोडवायला वायर नव्हती. मी मीटरमध्ये चाकाचा आकार निम्मा केला आणि सांगितलं, "आता वेगाचा आकडा निम्मा दिसेल. तिकडे बघू नका." आकार निम्मा केला की अंतराचा आकडाही निम्माच दिसणार, हे पहिलीतल्या पोराच्याही लक्षात आलं असतं. माझ्या डोक्यात आलं नाही, कारण अंतराचा आकडा काशीत कुणी बघत असेल असं मला वाटलं नव्हतं.

आठ दिवसांनी ते परत आले.

"वझे, वेग वाढला. मफलर उडते, डोळ्यांतून पाणी येतं. पण सिवनी सुटत नाही."

"सिवनी?"

"मध्य प्रदेशातली. जबलपूरच्या पुढची. तुमच्या हिशेबाने एव्हाना नागपूर यायला हवं होतं."

सत्तरीनंतर एखाद्याच्या मनात एखादं गाव अडकून बसतं, असा मी अर्थ घेतला. टायरमध्ये हवा भरली, चेनला तेल दिलं, आणि धीर दिला की येईल नागपूर. ते मान हलवून गेले. चाळीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. यंत्राचा आकडा आणि स्वतःची अक्कल यांत फरक पडला तर अक्कल चुकली असं समजायची त्यांना सवय होती.

आणखी सहा दिवसांनी फोन आला.

"वझे मिस्त्री का? मी आठल्येबाई बोलतेय. उद्या सकाळी सातला घरी या. ते नसतील तेव्हा." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि येताना साडेसत्तावीस इंची चाकाचा परीघ पाठ करून या."

बाई भूगोल शिकवायच्या. शाळा सुटून बारा वर्षं झाली होती, पण आवाज अजून फळ्यासमोरच उभा होता. मी रात्री खरोखर परीघ पाठ केला.

सकाळी दार शेजारच्या मिश्राइननी उघडलं. बाई खिडकीजवळ आरामखुर्चीत. त्यांच्या हृदयालाही डॉक्टरांनी मर्यादा घालून दिली होती: दोन खोल्या, आणि जिना चढायचा नाही. ती काढून देणारा मिस्त्री त्यांना काशीत किंवा मुंबईत सापडला नव्हता. समोर भिंतभर भारताचा नकाशा, शाळेतला, कापडावर चिकटवलेला. काशीवर एक टाचणी, तिथून लाल लोकरीचा धागा मिर्झापूर, रीवा, जबलपूर, सिवनी असा उतरत आला होता आणि रामटेकपाशी थांबला होता.

"बसा. हे काय आहे कळतंय?"

"नकाशा."

"पुढे?"

पुढे त्यांनीच सांगितलं. महाराष्ट्रातला माणूस काशीला येतो, इथलं गंगाजल रामेश्वराला नेऊन घालतो आणि तिथली वाळू आणून गंगेत सोडतो. तेव्हा यात्रा पुरी. हे दोघं काशीत राहूनही रामेश्वर राहिलं होतं. आधी बँकेतून रजा नाही, मग शाळेच्या परीक्षा, मग मुलाच्या परीक्षा. गडू लाख लावून देव्हाऱ्यात पंधरा वर्षं बसला होता. आता गाडी, विमान, काहीच नाही. म्हणून देवदिवाळीनंतर आठल्यांनी संकल्प केला: रोज सकाळी, मिश्राइन बाईंपाशी बसतात त्या सव्वा तासात, सायकल चालवायची, आणि मीटरवरचे किलोमीटर जोडत काशीहून रामेश्वरला जायचं. गडू सोबत. रोज परत आल्यावर बाई आकडा विचारणार, धागा पुढे सरकवणार आणि आज कुठं मुक्काम, तिथं काय पिकतं, नदी कोणती, हे त्यांना सांगणार.

"आधी रोज बावीस व्हायचे," बाई म्हणाल्या. "मग अचानक अठरा. आणि हे घरी येतात ते गाल लाल करून, धापा टाकत. परवा मिश्राजींनी पाहिलं. शिवपूरच्या पुढच्या उड्डाणपुलावर, धुक्यात, एका टेम्पोला मागे टाकताना."

"हाँ, हमरे सामने बोले," नवऱ्याचं नाव ऐकून मिश्राइन म्हणाल्या. "बोले, आठल्येजी त हवाई जहाज हो गए हैं."

"दुपारी ते झोपले होते तेव्हा मी चाकाला खडूची खूण केली. मिश्राइननी शंभर फेऱ्या फिरवल्या. परीघ सांगा."

"दोन मीटर वीस सेंटिमीटरच्या आसपास," मी उभा राहून सांगितलं. का उभा राहिलो ते ठाऊक नाही.

"म्हणजे दोनशे वीस मीटर. सायकलीवरच्या मीटरने धरले जेमतेम एकशे दहा. तुम्ही त्यांचा वेग वाढवलात आणि त्यांची यात्रा निम्मी केलीत. चाळीसच्या वेगानं, वझे. त्या माणसाला चष्म्याशिवाय ताटातलं मीठ दिसत नाही."

मी चूक कबूल केली. म्हटलं, उद्याच सगळं पूर्ववत करतो. मग, काहीतरी चांगलं बोलावं म्हणून, मला आठवलं ते सांगून टाकलं. काशीत सगळी तीर्थं आहेत. ज्यांना जाणं जमत नाही त्यांच्यासाठी जुन्या लोकांनी सोय करून ठेवली आहे. पंचक्रोशीच्या वाटेवर वरुणेच्या काठी रामेश्वराचं देऊळ आहे. इथून ऑटोने तासाभराच्या आत. बाईंना अलगद नेता येईल. गडू उद्याही घालता येईल.

बाईंनी मिश्राइनना चहा टाकायला आत पाठवलं.

"ठाऊक आहे मला ते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी या जिल्ह्याचा भूगोल पंचवीस वर्षं शिकवलाय. त्यांना सांगू नका."

मी मान हलवली.

"मी घरी आले इस्पितळातून, तेव्हापासून हा माणूस माझ्यासमोर खुर्ची टाकून बसला होता. माझा श्वास मोजत. मी कूस बदलली की उठायचा. गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवल्या होत्या. दोन महिन्यांत ते माझ्यापेक्षा आजारी दिसायला लागले. मी म्हटलं, मला रामेश्वर हवंय. आता रोज सव्वा तास ते बाहेर जातात. परत येतात तेव्हा त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असतं. आणि तेवढा वेळ मलाही कुणी मोजत नसतं."

"पण त्यांना वाटतंय, वेळ कमी आहे."

"आहेच कमी. म्हणून तर सावकाश जायला हवं."

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि तो विचारताना पहिल्यांदाच फळ्यापासून बाजूला झाल्यासारख्या वाटल्या. "वेग पंचवीसवर आणून मीटर तसाच ठेवता येईल? निम्मं मोजणारा?"

येत होतं. दोन आकडे बदलायचे. मी म्हटलं, "येईल."

त्यांनी धाग्यावरून एकदा नजर फिरवली. "नको," म्हणाल्या. "मी त्यांच्याशी एकच खोटं बोलतेय. तेवढं पुरे."

तेवढ्यात आठल्ये आले. दारात मला पाहिलं, नकाशा पाहिला, बायकोचा चेहरा पाहिला, आणि हातातलं हेल्मेट पाठीमागे नेलं, जसं काही तेच चोरीचा माल होता.

"अहो, आज किती?" बाईंनी विचारलं.

"साडेअठरा."

"छत्तीसच्या वर. वझे सांगतील."

मी सांगितलं. चाकाचा आकार, खोटा परीघ, सगळं. त्यांचा चेहरा आधी पडला आणि मग, हिशेब लागला तसा, हळूहळू उजळायला लागला. जबलपूरनंतर चौदा दिवस, रोज छत्तीस. म्हणजे पाचशेच्या पुढे. ते नकाशाकडे गेले, बोट धाग्याच्या टोकावरून खाली खाली नेलं. "सुमन, म्हणजे आपण नागपूर केव्हाच ओलांडलं. वर्धा नदी ओलांडली. अगं, आपण आदिलाबादच्या पुढे आहोत." टाचणी उचलायला त्यांनी हात पुढे केला.

"हात लावू नका."

"का? चाक फिरलंय. पाय माझे दुखलेत. अंतर खरं आहे."

"अंतर खरं असेल. नागपूर ते आदिलाबाद वाटेत काय लागतं?"

त्यांचा हात टाचणीजवळच थांबला.

"सांगा की. मोठं गाव कुठलं लागतं?"

"हिंगणघाट," आठल्ये म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम उतरला.

"माझ्या माहेरावरून गेलात," बाई म्हणाल्या. "टेम्पोला मागे टाकत. थांबला नाहीत, मला सांगितलं नाहीत. मी इथं रामटेकला बसून होते."

मिश्राइन चहा घेऊन दारात उभ्या होत्या. मराठी कळत नसली तरी आत जायची ही वेळ नाही एवढं त्यांना कळलं.

"मला पोहोचायला हवं होतं ग," आठल्ये शेवटी म्हणाले. "वेळेत. तुझ्या..."

"मी कुठं जात नाही हिंगणघाट बघितल्याशिवाय," बाई म्हणाल्या. "मिस्त्रींचा चहा गार होतोय."

दुसऱ्या दिवशी मी मीटर दुरुस्त केला आणि मर्यादा पूर्ववत केली. ते चोरीचे किलोमीटर धर्मात बसत नाहीत, असं आठल्यांनी स्वतःच ठरवलं. टाचणी रामटेकलाच राहिली. संक्रांतीच्या आधी ते हिंगणघाटला पोहोचले आणि बाईंच्या हुकमावरून तीन दिवस मुक्काम केला. म्हणजे तीन दिवस सायकल चालवली, पण धागा हलला नाही. बाईंना गावातली एकेक आळी सांगायची होती. मला पाहुणचाराचे तिळाचे लाडू आले. पाठवणाऱ्याचं नाव डब्यावर लिहिलं होतं: हिंगणघाटकर.

पुढे हैदराबाद, कर्नूल, बंगळूर. बंगळूरला मुलगा खरोखरच राहतो. त्या दिवशी त्यांनी त्याला फोन करून सांगितलं की आम्ही तुझ्या दारावरून चाललोय, वर येत नाही, उशीर होईल. मुलाने मला घाबरून फोन केला, बाबा बरे आहेत ना. मी म्हटलं, बरे आहेत, सेलमच्या दिशेने आहेत. त्याचं समाधान झालं नाही. त्याला सगळी हकीकत सांगायला माझा अर्धा तास गेला, आणि शेवटी तो म्हणाला, "मी सायकल व्यायामासाठी पाठवली होती." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती.

एप्रिलात, उन्हं तापायच्या सुमाराला, धागा समुद्रापर्यंत गेला. बाईंनी डॉक्टरांकडून ऑटोच्या प्रवासाची परवानगी भांडून मिळवली आणि नवऱ्याला सांगितलं की वरुणेच्या काठी एक रामेश्वर आहे, मिश्राइननी आत्ताच सांगितलं. मिश्राइन म्हणाल्या, हाँ हाँ, हमहीं बताए. मलाही बोलावलं होतं. गडूची लाख मी खिशातल्या चाकूने काढली. आयुष्यात एवढं हलकं काम मी केलेलं नाही. आठल्यांनी पिंडीवर गंगाजल घातलं, बाईंनी हात त्यांच्या हाताला लावला. पुजारी एरवी लांबलचक संकल्प सांगतो. त्याने बाईंकडे पाहिलं आणि चार ओळींत उरकलं. देवळांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्या पुजाऱ्याबद्दल आहे.

नदीच्या काठची मूठभर वाळू बाईंनी पुरचुंडीत बांधून घेतली. आठल्यांना वाटलं, आठवण म्हणून. ऑटोत बसल्यावर त्या म्हणाल्या, "आता ही परत न्यायला हवी. रामेश्वर ते काशी. पहिला मुक्काम रामनाथपुरम."

तेव्हापासून गडूच्या जागी ती पुरचुंडी आहे. नकाशावर दुसरा धागा आहे, हिरवा.

परवा ते दुकानात आले. ब्रेकचे रबर बदलायचे होते. काम होईपर्यंत स्टुलावर बसले, चहा घेतला. मी विचारलं, कुठवर आलात? म्हणाले, अनंतपूर सोडलं. बाई बऱ्या आहेत, पण बोलताना मध्ये थांबतात हल्ली. वाक्य संपायला वेळ लागतो.

मग म्हणाले, "वझे, तुम्हाला एक सांगतो. रिंगरोडला मी जिथून सायकल परत वळवतो ना, तिथं पाटी आहे. 'रामेश्वर', आणि बाण. डिसेंबरापासून रोज वाचत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तिला बिचारीला ठाऊक नव्हतं. तिचा प्रवास मोडला असता." त्यांनी कप खाली ठेवला. "हिची मर्यादा पंचवीसच आहे ना?"

"पंचवीसच. हात लावलेला नाही."

"कमी करता येते का?"

इतक्या वर्षांत हे वाक्य माझ्या दुकानात कुणी बोललं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते.

"किती करू?" मी विचारलं.

"पंधरा करा," आठल्ये म्हणाले. "काशी जवळ यायला लागलीय."

मी पंधरा केली. पैसे घेतले नाहीत, आणि या वेळी 'कशासाठी' हे विचारायची गरज नव्हती.